ऐकणे आणि सोडणे : मराठी ख्रिस्ती साहित्यातील आज्ञापालन व क्षमा

ख्रिस्ती शिष्यत्वाविषयी मराठीत विचार करू लागले की ‘आज्ञापालन’ आणि ‘क्षमा’ हे दोन शब्द प्रथम पुढे येतात. दोन्ही संस्कृत वळणाचे आणि भारदस्त आहेत. पहिल्याला शिस्तीचा वास येतो, तर दुसऱ्याभोवती संतचरित्रांचे तेज आहे. धर्मोपदेशात ते बहुधा स्वतंत्र सद्गुण म्हणून मांडले जातात : देवापुढे आज्ञाधारक असावे आणि माणसांना क्षमा करावी. शुभवर्तमानांतील मूळ मांडणी मात्र वेगळी आहे. तेथे क्षमा हाच आज्ञेचा आशय आहे आणि आज्ञापालन ही क्षमेची रोजची रीत आहे. हे नाते मराठी ख्रिस्ती साहित्याने कोणत्या शब्दांत व कोणत्या वाङ्मयप्रकारांत पेलले, आणि पेलताना कोणते प्रश्न त्याच्यापुढे उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. लूकच्या सतराव्या अध्यायातील क्रम

या विषयाचा गाभा लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील तीन ते दहा या आठ ओव्यांत सापडतो. प्रथम येशू शिष्यांना सांगतो की, अपराध करणाऱ्या भावाला त्याचा दोष दाखवावा आणि त्याने पश्चात्ताप केल्यास त्याला क्षमा करावी. त्याने एका दिवसात सात वेळा अपराध केला आणि सात वेळा परत येऊन पश्चात्ताप बोलून दाखवला, तरी सातही वेळा क्षमा करावी. हे ऐकून प्रेषित आपला विश्वास वाढवण्याची विनंती करतात. उत्तरादाखल येशू मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाविषयी बोलतो आणि लगेच एक दृष्टान्त देतो. शेत नांगरून किंवा मेंढरे राखून दास घरी येतो. धनी त्याला आधी जेवायला बसवत नाही, तर आपले जेवण तयार करून वाढायला सांगतो. सांगितलेले काम केल्याबद्दल त्याचे आभारही मानत नाही. शिष्यांनीही सारे केल्यावर आपण केवळ आपले कर्तव्य केले, असे म्हणावे.

वरवर पाहता ही तीन सुटी वचने वाटतात आणि अनेक भाष्यकारांनी त्यांचा तसा अर्थही लावला आहे. तथापि लूकने दिलेल्या क्रमाने ती वाचली, तर एक सलग युक्तिवाद दिसू लागतो. वारंवार क्षमा करणे प्रेषितांना असाधारण वाटते, म्हणून ते असाधारण बळ मागतात. दृष्टान्त त्यांची ही समजूतच काढून घेतो. क्षमा हा आध्यात्मिक पराक्रम नव्हे. नांगरणीनंतरच्या स्वयंपाकासारखे ते दिवसाच्या शेवटी उरलेले काम आहे. ते केल्याने कोणी थोर ठरत नाही.

येथे ‘एका दिवसात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र सात वेळांची मर्यादा विचारतो आणि उत्तरात ती मर्यादा सत्तर पट वाढते. तेथे भर संख्येच्या निरर्थकतेवर आहे. लूकमध्ये भर दिवसावर आहे. ज्याच्याशी दिवसातून सात वेळा गाठ पडते असा अपराधी दूरचा शत्रू क्वचितच असतो. तो बहुधा घरातला, शेजारचा किंवा सोबत काम करणारा असतो.

२. दोन क्रियापदे

मूळ ग्रीकमध्ये क्षमेसाठी या उताऱ्यात ‘अफिएमी’ हे क्रियापद आले आहे. त्याचा मूलार्थ सोडणे, जाऊ देणे असा आहे. जाळी सोडून येशूच्या मागे गेलेल्या कोळ्यांच्या कथेतही हेच क्रियापद वापरलेले आहे. म्हणजे शिष्यत्वाचा आरंभ आणि क्षमा या दोन्हींचे वर्णन एकाच ‘सोडण्या’ने होते. आज्ञा मानण्यासाठी नव्या करारात ‘हुपाकुओ’ हे क्रियापद येते आणि त्याच्या पोटात ‘अकुओ’ म्हणजे ऐकणे आहे. लॅटिन ‘ओबेदिरे’च्या पोटातही ऐकण्याचाच धातू आहे आणि हिब्रू ‘शामा’ तर ऐकणे व मानणे या दोन्ही अर्थांनी चालतो. लूकच्या उताऱ्यात ‘हुपाकुओ’ दासासाठी न येता उपटून समुद्रात लावल्या जाणाऱ्या तुतीच्या झाडासाठी आले आहे, ही गोष्टही लक्षणीय आहे. विश्वास असेल तर झाड ‘ऐकते’. मग माणसाने किती ऐकावे, हे सांगण्याची गरज उरत नाही.

बोलीतल्या मराठीला हे दोन्ही अर्थसंबंध अपरिचित नाहीत. ‘मुलगा आईचे ऐकतो’ या वाक्यात ऐकणे आणि मानणे एकच आहे. ‘जाऊ दे, सोडून दे’ असे भांडण मिटवणारी शेजारीण म्हणते, तेव्हा तिच्या तोंडी ‘अफिएमी’चाच अर्थ असतो. ‘क्षमा’ या शब्दाची परंपरा निराळी आहे. त्यात सहन करण्याचा अर्थ प्रबळ आहे आणि म्हणूनच तो पृथ्वीचाही वाचक झाला. भगवद्गीतेत तेराव्या अध्यायात ‘क्षान्ति’ आणि सोळाव्या अध्यायात ‘क्षमा’ गुणांच्या मालिकेत येतात, आणि ज्ञानेश्वरीत त्यांचे विस्ताराने निरूपण झाले आहे. ही क्षमा साधकाच्या अंतःकरणाची अवस्था आहे. अपराध्याने काय केले, तो परत आला की नाही, हे तिच्या दृष्टीने गौण ठरते.

हा भेद एका सर्वपरिचित आख्यायिकेने स्पष्ट होतो. पैठणास गोदावरीत स्नान करून परतणाऱ्या एकनाथांवर एक माणूस पुनःपुन्हा थुंकला आणि नाथांनी न रागावता तितक्याच वेळा, परंपरेने सांगितलेल्या संख्येनुसार १०८ वेळा, स्नान केले. १०८ आणि सत्तर पट सात या दोन संख्यांचे साम्य तुलनाकाराला मोह घालणारे आहे. तथापि आख्यायिका नाथांची शांती सिद्ध करते आणि श्रोत्याला वंदनासाठी एक असाधारण पुरुष देते. लूकचा दृष्टान्त क्षमा करणाऱ्याला वंदनीय होऊ देत नाही. दोहोंत श्रेष्ठ कोण हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. मराठी ख्रिस्ती लेखकाने ‘क्षमा’ हा शब्द उचलला, त्याच क्षणी संतत्वाचे हे वलयही त्याच्या वाक्यात आले, एवढे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

प्रभूच्या प्रार्थनेच्या मत्तयातील पाठाने मात्र वेगळा शब्द जपला : ऋण. मराठी अनुवादातही ऋणे सोडण्याचीच भाषा आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो नगर जिल्ह्यातही पसरला, कर्जरोखे जाळले गेले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. १८३१ पासून अहमदनगरात काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे क्षेत्र या प्रदेशात होते. तेथील वाचकाला दहा हजार तालांतांचे देणे माफ झालेला आणि लगेच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरणारा चाकर समजण्यास भाष्याची गरज नव्हती. रोखा फाटणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते. येथे ‘क्षमा’ गुण न राहता व्यवहार होते. ज्याचे देणे सुटले त्याने पुढच्याचे सोडावे, हाच त्या व्यवहाराचा नियम आहे.

३. पुराण आणि अभंग

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आहे. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पुराणाच्या प्रकृतीनुसार येथे गुरू सांगतो, श्रोते शंका विचारतात आणि कथा पुढे सरकते. आज्ञापालनाचे ‘ऐकणे’ या रचनेतच उतरले आहे. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी असल्याचे मानणाऱ्या समाजाला स्टीफन्स यांनी श्रवणातूनच नव्या धर्माकडे नेले.

या रचनेच्या मागे इतिहासाची गडद छाया आहे. स्टीफन्स ज्या साष्टीत वावरले, तेथेच १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले. पुढे पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने बोलावून ठार केले. जेथे आज्ञा राज्यसत्तेची आहे तेथे क्षमेला अवकाश उरत नाही. ‘क्रिस्तपुराणा’तील श्रोत्याला शंका विचारण्याची मुभा आहे, पण ग्रंथाबाहेरच्या साष्टीत ती मुभा सर्वांना नव्हती. हे अंतर विसरून त्यातील शिष्यभावाचे रसग्रहण करणे अपुरे ठरेल.

सुमारे तीन शतकांनंतर नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हा संबंध सत्तेपासून तोडण्याचा प्रयत्न केला. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना नवा करार मिळाला आणि गिरिप्रवचनाने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या प्रवचनाने ते ख्रिस्ताकडे वळले त्यात वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. म्हणजे टिळकांच्या बाबतीत आज्ञा आणि क्षमा यांची ओळख एकाच वाचनात झाली. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे आणि माउलीही आहे. वारकरी परंपरेतील ही माउली आज्ञेचा स्वर बदलते. आईचे ऐकणे हे भयातून येत नाही आणि आईने पोटात घातलेला अपराध हिशेबात राहत नाही.

१९१७ मध्ये मिशनपासून दूर होऊन टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, अशा दोहोंनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून स्थान होते. शिष्यत्व हे संस्थेच्या सभासदत्वाहून व्यापक आहे, असा त्याचा आशय होता. त्यानंतर दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाले आणि हा प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही. ‘कोणाचे ऐकावे’ हा प्रश्न मात्र त्याने मराठी ख्रिस्ती विचारात ठसठशीतपणे मांडला.

४. पंडिता रमाबाई : आज्ञा कोणाची ?

हाच प्रश्न पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी त्याआधीच, अधिक धारदारपणे विचारला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर सिस्टर जेराल्डीन व इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्रीय मतभेदांच्या तळाशी त्यात आज्ञापालनाचा वाद आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे नम्रपणे मानावे, अशी सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा होती. एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही, असा रमाबाईंच्या उत्तराचा आशय होता. देवाचे ऐकणे आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांचे ऐकणे यांत त्या फरक करत होत्या.

हा उद्धटपणा होता, असे वाँटेजला वाटले असल्यास नवल नाही. वस्तुतः रमाबाईंचे म्हणणे आज्ञापालनाला अधिक कठीण करणारे होते. अधिकाऱ्याची आज्ञा पाळणाऱ्याची जबाबदारी आज्ञा पाळली की संपते. सदसद्विवेकाने ऐकणाऱ्याला मात्र काय ऐकले याचा जाब स्वतःलाच द्यावा लागतो.

रमाबाईंनी काय ऐकले, हे त्यांच्या १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनावरून कळते. इंग्लंडमध्ये असताना सिस्टरांनी त्यांना फुलम येथील आश्रम दाखवला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आदराने जवळ केले जात होते. त्याचे मूळ विचारता त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली आणि ती त्यांच्या मनाला भिडली. ज्यांच्याशी पुढे आज्ञापालनावरून वाद झाला, क्षमेचे मूर्त रूप त्यांच्याच हातून रमाबाईंना दिसले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले. प्रायश्चित्ताचे विधी, जातीचा बहिष्कार आणि कुटुंबाचे बंद दार यांच्या पार्श्वभूमीवर हे नाव वाचले पाहिजे. येथे क्षमा म्हणजे छप्पर, अन्न आणि शिकण्याजोगे काम.

जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ च्या ‘नाखफोल्गे’ या ग्रंथात शिष्यत्वाशिवाय वाटली जाणारी क्षमा ही सवंग कृपा असल्याचे प्रतिपादन केले. नात्सी राजवटीपुढे झुकणाऱ्या चर्चला उद्देशून केलेली ही टीका होती आणि एप्रिल १९४५ मध्ये फ्लॉसेनब्युर्गच्या छावणीत त्यांना फाशी देण्यात आले. सवंग कृपा आणि महाग कृपा या त्यांच्या द्वंद्वाजवळ ‘कृपासदन’ ठेवून पाहिले असता दिसते की, तेथे कृपेची किंमत आश्रयास आलेल्या स्त्रीकडून मागितली जात नव्हती. ती देणाऱ्यांच्या रोजच्या कष्टांतून भागवली जात होती.

५. ‘स्मृतिचित्रे’ : आठवूनही सोडणे

‘नाखफोल्गे’ या जर्मन शब्दाचा अर्थ मागे जाणे, अनुसरणे असा आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेच्या १९५० मधील इंग्रजी अनुवादाला ई. जोसेफाइन इन्क्स्टर यांनी दिलेल्या शीर्षकाचा अर्थही ‘मी मागून जाते’ असाच होतो. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने मूळ शीर्षक राखले आणि उपशीर्षकात लेखिकेला एक तेजस्वी, बाणेदार पत्नी म्हटले. एकाच ग्रंथाची ही दोन वाचने आहेत. पहिले शीर्षक तर स्वतःच द्व्यर्थी आहे : लक्ष्मीबाई कोणाच्या मागून जातात, पतीच्या की ख्रिस्ताच्या ?

ग्रंथाचे उत्तर स्पष्ट आहे. टिळकांनी धर्मांतर केले तेव्हा लक्ष्मीबाईंनी केले नाही. आधी ताटातूट झाली. पुढे पतीजवळ राहू लागल्यावरही त्यांनी आपला धर्म आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. जातिभेदाची निरर्थकता त्यांना स्वतःच्या विचाराने पटली आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून घेतलेला तो धर्म नव्हता. या पाच वर्षांच्या न ऐकण्याने त्यांच्या पुढच्या ऐकण्याला अर्थ आला.

ग्रंथाच्या प्रारंभी वडिलांच्या सोवळ्याच्या आठवणी येतात. तेथे नियम पाळणे हाच धर्म आहे, आणि त्या पाळण्याचा भार घरातल्या बायकामुलांवर पडतो. पुढे सासऱ्यांचा जाच येतो. टिळकांचा तापटपणा, न सांगता निघून जाणे, हातातला पैसा कोणालाही देऊन टाकणे हे सारे येते. लक्ष्मीबाई यांतले काहीही लपवत नाहीत. क्षमा म्हणजे विसरणे, असा रूढ समज आहे. ‘स्मृतिचित्रे’ तो समज खोटा ठरवते. येथे लेखिकेला सारे तपशिलासह आठवते, आणि तरीही जुने देणे वसूल करण्याचा सूर कोठे लागत नाही. मराठी समीक्षेने या ग्रंथातील विनोदाचे मनापासून कौतुक केले आहे. तो विनोद शैलीचा अलंकार तर आहेच, शिवाय तो क्षमेचा व्यवहारही आहे. स्वतःवरही हसणारी ही लेखिका न्यायाधीशाच्या आसनावर बसत नाही. अपराध नोंदवला जातो आणि त्याच वाक्यात सुटून जातो.

लूकच्या दृष्टान्तातील दासाप्रमाणे येथील क्षमेलाही स्वयंपाकघराचा संदर्भ आहे. ती एखाद्या मोठ्या प्रसंगी, अश्रूंसह होत नाही. रुसवा होतो, बोलणे बंद होते आणि मग जेवणाची वेळ येते. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते अशा स्त्रीने पतीचे अपुरे काम हाती घेतले, याला कोणी पत्नीचे आज्ञापालन म्हणेल. तथापि ज्या हाताने त्यांनी ते काव्य पुरे केले, त्याच हाताने ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचे गुणदोष निःसंकोचपणे लिहिले आहेत.

६. एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. आज्ञा पाळा आणि क्षमा करा, हा उपदेश नेहमी दुबळ्यांनाच केला जातो. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाजात महार व मांग या जातींतून आलेल्यांची संख्या मोठी होती. गावकीची कामे, बोलावताच हजर होणे, राबून आल्यावर पुन्हा राबणे हे महार वतनाचे वास्तव होते. ही वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. शेतातून आलेल्या दासाला पुन्हा चुलीकडे धाडणारा आणि आभारही न मानणारा धनी या श्रोत्याला दृष्टान्तात भेटला नसेल, तो गावातच भेटला असेल. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘दिवसातून सात वेळा’ हे वचन ऐकवले जाते, तेव्हाही असाच अनर्थ होतो.

या आक्षेपाचे निरसन दृष्टान्ताच्या शब्दांत सापडत नाही, त्याच्या संदर्भात सापडते. एक म्हणजे, लूकच्या वचनाचा आरंभ क्षमेने होत नाही. आधी दोष दाखवावयाचा आहे, मग पश्चात्ताप आणि नंतर क्षमा. अपराधाचे नाव न घेता दिलेली क्षमा त्या वचनात बसत नाही. दुसरे म्हणजे, हा दृष्टान्त प्रेषितांना, म्हणजे पुढे अधिकार हाती येणाऱ्यांना, उद्देशून आहे. दास त्यांनी व्हावयाचे आहे, इतरांना दास करावयाचे नाही. तिसरे म्हणजे, याच शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात धनी स्वतः कंबर बांधून जाग्या दासांना जेवायला बसवतो आणि वाढतो. सतराव्या अध्यायातील धन्याला बाराव्यातील धन्यापासून तोडले की शिष्यत्वाची वेठबिगारी होते.

रमाबाई व लक्ष्मीबाई यांच्या लेखनाचे मोल येथेच आहे. आज्ञापालन ज्यांच्याकडून गृहीत धरले जात होते, अशा या दोन स्त्रियांनी आधी नकार देण्याचा अधिकार वापरला. एकीने चर्चच्या अधिकाऱ्यांना नकार दिला, दुसरीने पतीच्या धर्मांतराला. नकार देऊ शकणाऱ्याचाच होकार ऐकण्याजोगा असतो आणि ज्याला देणे मागता येते त्यालाच ते सोडता येते. पत्र आणि आत्मकथा या वाङ्मयप्रकारांत हे जसे उमटले तसे उपदेशपर गद्यात उमटू शकले नाही. त्या गद्यात ‘आज्ञापालन’ आणि ‘क्षमा’ बहुधा भारदस्त नामेच राहिली. ‘ऐकणे’ आणि ‘सोडणे’ ही साधी क्रियापदे स्त्रियांच्या लेखनात, घराच्या उंबऱ्याच्या आत, कामाला लागली. भारतीय भाषांतील ख्रिस्ती साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना सिद्धान्तग्रंथांइतकेच लक्ष या घरगुती गद्याकडे देणे म्हणूनच अगत्याचे ठरते.